हात न लावता केर्न्स

पेढ्यांपासून सुरुवात करतो, कारण माझा राग तिथूनच सुरू झाला.

लेकीसाठी साताऱ्याचे कंदी पेढे घेतले होते, दोन किलो. ऑस्ट्रेलियात उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आहे का, बियाणं आहे का, लाकडाची वस्तू आहे का, असं विचारत विचारत एक प्रश्न येतो: गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होता का, जनावरांजवळ गेला होता का? आता मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढलेला माणूस. ॲग्री ओव्हरसियर म्हणून चिकटलो, शेती अधिकारी म्हणून सुटलो. निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा उसाच्या सरीत उभा होतो. आमची ही म्हणाली, "नाही म्हणून लिहा, कशाला नस्ती भानगड!" पण कागदावर खोटं लिहायचं म्हटलं की माझा हात अडतो. गावोगाव उसाच्या नोंदी करणाऱ्या चिटबॉयांनी केलेल्या लावणीच्या खोट्या नोंदी तपासण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम. 'हो'वर खूण केली.

ब्रिस्बेनला वेगळ्या रांगेत उभं केलं. पोरगेलासा अधिकारी होता, बोलायला एकदम गोड. "तुमच्या देशात लाळ्या-खुरकूत आहे, आमच्याकडे नाही, दुधाचा पदार्थ आत येणार नाही," एवढंच त्याचं म्हणणं. पेढे गेले. मेथीदाणे गेले, कारण ते बी. पॅकबंद लोणचं सुटलं. मग त्यानं माझे बूट मागितले. शिवणीत आमच्या कृष्णाकाठच्या मळीच्या रानाची काळी माती अडकलेली होती. दहा मिनिटांनी बूट धुऊन-पुसून परत आले. सरकारी माणसानं माझे बूट धुतले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. तरी डोकं फिरलेलंच होतं. दोन किलो पेढे! बाहेर आल्यावर जावई म्हणाले, "बाबा, खरं लिहिलंत म्हणून दंड तरी वाचला." मी काही बोललो नाही.

चार दिवसांनी आम्ही पाचजण, लेक, जावई, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं, केर्न्सला निघालो. साल 2024, नोव्हेंबर महिना. ब्रिस्बेन आणि केर्न्स एकाच क्वीन्सलँड राज्यात, तरी विमानाला दोन तासांवर वेळ लागतो. शहराचं नाव आपण केर्न्स लिहितो, तिथली माणसं मात्र 'कॅन्स' म्हणतात. 'र' कुठं जातो कळत नाही.

केर्न्सबद्दल मला एवढंच माहीत होतं की एका बाजूला प्रवाळाचा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सदाहरित जंगल. दोन्ही जागतिक वारसा यादीत: ग्रेट बॅरियर रीफ 1981 साली आणि 'वेट ट्रॉपिक्स' नावाचं ते जंगल 1988 साली. असे दोन वारसे एकमेकांना खेटून असलेली जागा जगात विरळाच. शहर मात्र या दोन्हींसाठी वसलेलं नाही. 1876 साली डोंगरापलीकडच्या खाणींचं सोनं बाहेर काढायला बंदर हवं होतं म्हणून चिखलात, खारफुटीच्या कडेला, ते उभं राहिलं. त्याच्या आधीपासून ही जागा गिमुय वालुबारा यिदिंजी लोकांची.

चिखल म्हणतोय तो शब्दशः. समुद्रकाठच्या शहरात आलो म्हणून नातू विमानतळावरूनच पोहायची चड्डी घालून तयार. किनाऱ्यालगतच्या एस्प्लनेड रस्त्यावर पोहोचलो तर ओहोटी. नजर जाईल तिथवर करडा चिखल, त्यावर लांब वाकड्या चोचीचे पक्षी आणि एक-दोन पेलिकन. "आजोबा, बीच कुठंय?" बीच नाहीच. त्याची भरपाई म्हणून पालिकेनं 2003 साली किनाऱ्यालाच 4,800 चौरस मीटरचं खाऱ्या पाण्याचं तळं बांधलंय. फुकट, आणि देखरेखीला जीवरक्षक. समुद्र दहा पावलांवर आणि लोक समुद्राकडे बघत तळ्यात पोहतायत. चिखलाकडेला पिवळा फलक, त्यावर जबडा उघडलेली मगर, आणि इंग्रजीसोबत जर्मन आणि चिनी भाषेतही धोक्याची सूचना. जर्मन माणसांनाच मगरी जास्त खातात की काय, अशी शंका मी बोलून दाखवली. कुणी हसलं नाही.

खाऱ्या पाण्यातली मगर तिथं 1974 पासून संरक्षित आहे, त्यामुळं तिची संख्या वाढलीय. खाडी, नदी, समुद्रकिनारा, कुठंही ती असू शकते असं धरून चालायचं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला पाम कोव्हला गेलो. तिथं खरा किनारा आहे, वाळू आहे, नारळ आहेत. आमची ही हरखली. अगदी गणपतीपुळ्याला आल्यासारखं तिला वाटलं. पण पाण्यात जाळं लावून चौकोन आखलेला, त्याच्या आतच पोहायचं. आणि वाळूत एका खांबाला चक्क व्हिनेगरची बाटली अडकवलेली. नोव्हेंबर ते मे इथं जेलीफिशचा हंगाम. मोठी असते ती बॉक्स जेलीफिश. तिचा दंश झाला तर व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही. दुसरी असते इरुकांजी. नखाएवढी, पाण्यात दिसतही नाही. चावते तेव्हा फारसं कळत नाही, आणि अर्ध्या तासानं कंबर, पाठ, पोट असं पिळायला लागतं की माणूस गडाबडा लोळतो.

हा रोग कशामुळं होतो तेच बरेच दिवस कळत नव्हतं. केर्न्सचे एक डॉक्टर होते, जॅक बार्न्स. 1961 साली त्यांनी याच भागातल्या किनाऱ्यावर ती नखाएवढी जेलीफिश पकडली आणि खात्री करायला स्वतःला चावून घेतली. एवढ्यावर थांबले नाहीत. एका जीवरक्षक पोराला चावून घ्यायला लावली आणि स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलालाही. तिघंही दवाखान्यात दाखल झाले, तिघंही वाचले, आणि जेलीफिशला बार्न्स यांचं नाव मिळालं. ही गोष्ट जावयांनी सांगितली तेव्हा आमचा नऊ वर्षांचा नातू माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू आजोबाच्या खिशात बाटली आहे.

तिसरा दिवस रीफचा. त्याचं मात्र सविस्तर सांगतो.

सकाळी आठच्या बोटीनं निघालो. मोठी, दोन खोडांची कॅटमरान, पाऊणशे-शंभर माणसं. रीफ म्हणजे किनाऱ्याला चिकटलेलं काही नाही. इथून बाहेरच्या रीफला बोटीनंच दीड तास लागतो. नकाशावर बघितलं तर सगळी मिळून 2,300 किलोमीटरची लांबी. एकच सलग भिंत नसून तीन हजारांच्या आसपास सुटे सुटे प्रवाळखडक आहेत. कॅप्टन कुक 1770 साली इथून गेला. जून महिन्यातल्या ट्रिनिटी रविवारी पोहोचला म्हणून या उपसागराला ट्रिनिटी बे असं नाव देऊन पुढं निघाला आणि दुसऱ्याच रात्री त्याचं जहाज रीफवर चढलं. तोफासुद्धा समुद्रात टाकून जहाज हलकं केलं तेव्हा कुठं सुटलं. रीफ आहे हे त्याला माहीत नव्हतं. आम्हाला मात्र बोट सुटल्यापासून माहितीच माहिती, आणि त्यानंतर फॉर्म.

फॉर्ममध्ये प्रश्न: वय साठीच्या वर आहे का? रक्तदाब? हृदयाचा त्रास? दमा? फीट? गोळ्या चालू आहेत का? ही शेजारी बसलेली होतीच. "हे बघा, या वेळी तरी नाही लिहा. नाहीतर पेढ्यांसारखं तुम्हालाही बाजूला काढतील." माझं वय 63, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. पुन्हा 'हो'.

तिचं खरं ठरलं. मला बाजूला काढलं. तसं मी एकटाच नव्हतो, आणखी सात-आठ म्हातारे होते. आम्हाला इतरांपेक्षा वेगळ्या, भडक रंगाची नळी दिली, कमरेला तरंगायचा पट्टा, हातात फोमचा लांब दांडका. लांबून बघणाऱ्या जीवरक्षकाला आम्ही 'ते' आहोत हे कळावं म्हणून. एकट्यानं पाण्यात जायचं नाही, जोडीदार हवा. तिथला नियमच तसा आहे. माझा जोडीदार ठरले जावई. लग्नात ज्यांचे पाय धुतले, त्यांचा हात धरून समुद्रात उतरायचं. मी म्हटलं, "जावईबापू, मी कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलोय. पाठीला भोपळा बांधून. दहाव्या वर्षी भोपळा सुटला तो सुटला, आता परत बांधायचा?" ते म्हणाले, "बांधा हो बाबा. मलाच नीट येत नाही."

मग अंगावर लायक्राचा पोशाख. डोक्याला टोपी, हाताला पंजे, पायापर्यंत घट्ट. जेलीफिशसाठी. त्यात माझं पोट असं उठून दिसत होतं की नातवानं फोटो काढून थेट सांगलीला पाठवला. त्यावर घरच्या ग्रुपवर जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरी अडचण आली मिशीची. डोळ्यांवर काच येते तिच्यातच नाक असतं. त्या मास्कची रबरी कड ओठावर घट्ट बसायला हवी. माझी मिशी मध्ये आली. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं की नाकाखालून पाणी झिरपून वर यायचं आणि दोन मिनिटांत डोळे बुडायचे. तिथली एक मुलगी, वीस-बावीसची, उन्हानं तांबूस झालेली, तिनं बघितलं आणि अगदी सहज विचारलं, नाकाखालची एवढीशी पट्टी काढू का, रेझर आहे. जावयांनी भाषांतर करायची गरज नव्हती, हातवाऱ्यांनीच कळलं. वडील गेले तेव्हा एकदा काढली होती, त्यानंतर माझ्या मिशीला कुणी हात लावलेला नाही. शेवटी तिनं व्हॅसलिनची डबी आणली आणि जात्याच्या खुंट्याला वंगण लावावं तसं मिशीला थापलं. मास्क बसला.

पाण्यात उतरलो आणि पोहणं सगळं विसरलो. हात-पाय चालत होते. चालत नव्हता तो श्वास. नाक बंद, तोंडात नळी, आणि श्वास तोंडानं घ्यायचा. पोहणाऱ्या माणसाला चेहरा पाण्यात गेला की श्वास धरायची सवय असते. आता डोकं म्हणतंय श्वास धर आणि नळी म्हणतेय घे. चार वेळा घाबरून मान वर काढली, दोन वेळा खारं पाणी गिळलं. ती मुलगी शेजारी तरंगत नुसती म्हणत होती, सावकाश, सावकाश. पाचव्या वेळी फोमचा दांडका छातीखाली घेतला, हात-पाय सोडून दिले आणि स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकत पडलो. घूं आत, घूं बाहेर. मग खाली बघितलं.

खाली शिंगंच शिंगं. सांबराच्या शिंगांसारखं प्रवाळ, अंगानं तपकिरी आणि टोकाला निळं. मोठ्या घमेल्याएवढी शिंपी, तिचे मखमली ओठ जांभळे-हिरवे. माझी सावली वरून गेली तसे तिनं ओठ आत ओढले. एवढ्यात एक आवाज यायला लागला. कर्रर्र, कर्रर्र. गुऱ्हाळात ऊस चरकात जाताना येतो ना, अगदी तसा, पण बारीक. वाटलं नळीत काही बिघडलं. जावयांनी माझा हात हलवून दाखवलं: पोपटी-निळा मासा, पोपटासारखी चोच, दगडासारख्या प्रवाळाला चावे घेतोय. पॅरटफिश. खाल्लेला दगड दळून मागून पांढरी वाळू सोडत होता. तिथल्या बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू बरीचशी या माशाच्या पोटातून आलेली आहे, हे बोटीवर सांगितलं तेव्हा आमच्या हिनं चपला घातल्या.

अर्धा तास गेला असेल. त्यात एक हिरवट निळा, कपाळाला टेंगूळ आणि जाड ओठांचा चार फुटी मासा माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. माओरी रास म्हणतात त्याला. एक डोळा गरगर फिरवून त्यानं मला नीट बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून गेला. आमच्या कारखान्याचे एक चेअरमन गट ऑफिसला भेट द्यायला यायचे, ते असंच बघायचे.

हात मात्र कशालाच लावायचा नाही. पायही टेकायचा नाही. दमलात तर दांडक्यावर पडा, प्रवाळावर उभं राहू नका, हे बोटीवर तीन वेळा बजावलं होतं. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण त्याची वरची कातडी जिवंत असते, आणि वाढ वर्षाला थोडी थोडी.

आणि सगळंच रंगीत नव्हतं, तेही सांगायला हवं. काही ठिकाणी मेलेली शिंगं होती, त्यांवर शेवाळ चढून वापरात नसलेल्या रहाटासारखा बुळबुळीत तपकिरी थर. पाणी फार दिवस तापलं की प्रवाळ आपल्या पेशीत राहणाऱ्या शैवालाला बाहेर काढून टाकतं. रंग त्या शैवालाचा आणि बरंचसं अन्नही तेच बनवतं. भाडेकरू गेला की घर पांढरं पडतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. 2016, 2017, 2020, 2022 आणि आम्ही गेलो त्याच वर्षीचा उन्हाळा, 2024. आठ-नऊ वर्षांत पाच वेळा.

परतीच्या वाटेवर बोटीवरच्या एका जीवशास्त्राच्या मुलाशी गप्पा मारल्या, म्हणजे जावयांच्या मार्फत. मी ऊसवाला म्हटल्यावर तो जरा अवघडला. कारण रीफच्या दुखण्यात उसाचं नाव आहे. किनाऱ्यावरच्या उसाला घातलेलं नत्र पावसात वाहून समुद्रात उतरतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्या खाऊन काटेरी तारामाशाची पिल्लं जगतात आणि ते तारामासे प्रवाळ फस्त करतात. पाणबुडे खाली जाऊन एकेका तारामाशाला सुई टोचून मारतात. त्यासाठीही व्हिनेगर चालतं. एकाच बाटलीची किती कामं! 2019 पासून क्वीन्सलँड सरकारनं रीफच्या वरच्या अंगाच्या ऊसकऱ्यांना नत्र किती घालायचं याचा हिशेब ठेवायला लावलाय. ते नाराज आहेत. असणारच. शिरोळ-वाळव्याकडची जमीन पाणी आणि खत घालून घालून क्षारपड झाली, मीठ फुटून पांढरी पडली, तेव्हा मीही गटागटात जाऊन युरिया कमी टाका म्हणून सांगत होतो आणि माणसं चहा पाजून वाटेला लावत होती. पांढरं पडणं दोन्हीकडे आहे, एवढं त्या मुलाला सांगितलं. त्याला ते कितपत पोचलं, कुणास ठाऊक.

रीफवरून बोट सुटायच्या आधी तीनदा माणसं मोजली. नावं घेऊन, मग डोकी, मग दुसऱ्याकडून पुन्हा डोकी. एक बाई स्वच्छतागृहात होती म्हणून सगळे थांबलो. मला परत वैताग. जावई हळूच म्हणाले, 1998 मध्ये इथून जवळच्या पोर्ट डग्लसच्या एका बोटीनं पाण्याखाली पोहायला उतरलेल्या दोन अमेरिकन माणसांना समुद्रात विसरून बंदर गाठलं. नवरा-बायको. विसरल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं. ते दोघं कधीच सापडले नाहीत. मी मान मोजायला सरळ केली.

जंगलाचा दिवस त्या मानानं सोपा. केर्न्सहून उत्तरेला मॉसमन गॉर्ज, रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातून. आपल्या सह्याद्रीतलं जंगल बघितलेल्या माणसाला पहिला धक्का बसत नाही: वेत आहे, वड-उंबराच्या जातीची झाडं दुसऱ्या झाडांना मिठी मारून मारतायत, खोडांवर नेच्याच्या टोपल्या. मग हळूहळू जाणवतं की ओळखीचं एकही झाड नाही. सगळी भाऊबंदकी, पण सख्खं कुणी नाही.

आमचा वाटाड्या तिथल्या कुकू यलांजी लोकांपैकी. 2021 मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी कागदोपत्री त्यांच्या लोकांना परत मिळाली. जंगलात शिरण्याआधी त्यानं हिरव्या पाल्याचा धूर केला आणि सगळ्यांना त्यातून फिरवलं. पुढं एका झाडाची पानं हातात चोळली, पाणी घातलं आणि फेस काढला. ही लगेच, "रिठ्यासारखं की!" आणि वाटेच्या कडेला, उन्हाच्या कवडशात, बदामी आकाराची, मऊ केसाळ दिसणारी पानं. नातू पुढं झाला तसा त्या माणसाचा हात बांधासारखा आडवा आला. गिम्पी-गिम्पी. पानावरची लव म्हणजे काचेच्या सुया. कातडीत मोडतात आणि दुखणं महिनोन्‌महिने परत परत उठतं. आपली खाजकुयली त्यापुढं लाडिक म्हणायची.

कॅसोवरी दिसला नाही. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, डोक्यावर शिरस्त्राण आणि पायात खंजिरासारखं नख असलेला हा पक्षी बघायला लोक लांबून येतात. आम्हाला त्याची फक्त विष्ठा दिसली: ताटभर ढीग आणि त्यात अख्ख्या आठोळ्या. या जंगलातल्या मोठ्या फळांच्या बिया लांब नेऊन टाकणारा हाच. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच नऊ-दहा महिने सांभाळतो. मादी अंडी घालून निघून जाते. हे ऐकल्यावर आमच्या हिनं माझ्याकडे बघितलं. मी जंगल बघत राहिलो.

माझा खरा जीव रमला तो रस्त्याकडेच्या उसात. नोव्हेंबरात आमच्याकडे बॉयलर पेटतात तेव्हा यांचा जूनला सुरू झालेला हंगाम संपत आलेला असतो. हार्वेस्टर ऊस कापून टिपरी करून शेजारून चालणाऱ्या डब्यात टाकतो, आणि ते डबे दोन फुटी रुळांवरून छोटं इंजिन ओढत नेतं. रुळ थेट महामार्ग ओलांडून जातात. पाचट जाळत नाहीत, शेतातच अंथरतात. मी तीस वर्षं 'पाचट जाळू नका' म्हणून घसा कोरडा केला, ते इथं हातभर जाड पसरलेलं बघून गाडी थांबवायला लावली आणि बांधावर उतरलो. मॉसमनची सव्वाशे वर्षांची साखर गिरणी मात्र त्याच वर्षी बंद पडली होती. तिथला ऊस ट्रकनं शंभर किलोमीटर दक्षिणेला गॉर्डनव्हेलला जात होता. बंद कारखान्याचा ऊस लांबच्या कारखान्याला घालणाऱ्या शेतकऱ्याचा चेहरा कसा असतो ते मला कुणी सांगायला नको.

गॉर्डनव्हेल केर्न्सच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटर. मागं 922 मीटर उंचीचा, पिरॅमिडच्या आकाराचा डोंगर. आमचं मोटेल त्याच वाटेवर, उसाला लागून. जावई म्हणाले, "बाबा, ऑस्ट्रेलियातल्या विषारी बेडकांची सुरुवात इथलीच." आणि मग जी गोष्ट निघाली ती माझ्या खात्यातलीच निघाली.

तिथल्या उसालाही हुमणी लागते. जात वेगळी, पण धंदा तोच: पावसाच्या सुरुवातीला भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून झाडांवर चढतात, खाली अंडी घालतात, आणि पांढऱ्या अळ्या उसाची मुळं खाऊन बेटंच्या बेटं आडवी करतात. काही केल्या हटेना. हवाई बेटांवर ऊसवाल्यांनी मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेतला एक दांडगा बेडूक आणलेला होता. 1935 च्या जूनमध्ये इथल्या सरकारी ऊस-संशोधकांनी तिथून शंभरेक बेडूक आणले, गॉर्डनव्हेलजवळच्या मेरिंगा केंद्रात वाढवले आणि ऑगस्टमध्ये पिल्लं उसात सोडली. भुंगेरा झाडाच्या शेंड्यावर, अळी जमिनीच्या आत, आणि बेडूक मध्ये, जमिनीवर. त्याला ना चढता येतं ना खणता येतं. कोणत्याही गावातल्या अडाणी शेतकऱ्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बेडकानं हुमणी सोडून बाकी सगळं खाल्लं. त्याच्या मानेमागच्या गाठींत विष. त्याला खाणारे साप, घोरपडी, मुंगसाएवढे, ठिपक्यांचे, क्वोल नावाचे शिकारी प्राणी मरत गेले. बेडूक क्वीन्सलँड ओलांडून उत्तरेकडून पार पश्चिम किनाऱ्याकडच्या राज्यापर्यंत पोचलाय. अजून चालतोय.

त्या रात्री एक सर पडून गेली होती. जेवण झाल्यावर मी मोटेलच्या दारात खुर्ची टाकून बसलो. मारीबाकडचा आंबा कापून समोर होता. नोव्हेंबरात आंबा, ही एकच गोष्ट त्या देशाबद्दल मी गावात मान वर करून सांगतो; चव हापूसची नाही, पण रस भरपूर. खांबावरच्या दिव्याखाली टप टप आवाज यायला लागला. बघतो तर करड्या रंगाचे भुंगेरे दिव्यावर आपटून खाली पडतायत. दर वळवाला आमच्या बाभळीवर आणि कडुनिंबावर असतात, त्यांचेच चुलतभाऊ. आणि खाली, बरोब्बर उजेडाच्या गोलात, मुठीएवढे, खरबरीत, पाच बेडूक बसलेले. घाई नाही, धावपळ नाही. भुंगेरा समोर पडला की जीभ बाहेर, आत, डोळे मिटून गिळायचं, पुन्हा बसायचं. नव्वद वर्षांनी का होईना, नेमून दिलेलं काम करत होते, फक्त दिव्याखाली.

नातू चड्डीवर बाहेर आला आणि सरळ सर्वांत मोठ्या बेडकाकडे हात घेऊन निघाला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं, की ही आतून धावत आली.

मग मी फोटो काढला, दिव्यासकट आणि भुंगेऱ्यांसकट, आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या एका जुन्या ओव्हरसियरला पाठवला. खाली सगळी हकिगत बोलून टाकली: हवाई, मेरिंगा, 1935, विष, सगळं. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले असतील. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं.

"साहेब, दोन जोड्या आणता येतील का? आपल्याकडं औंदा हुमणी लई हाय."